भांड्यांच्या वडीला प्लास्टिक कधी चिकटले?

कागदात गुंडाळलेली भांड्यांची वडी आज ‘प्लास्टिकमुक्त’ म्हणून विकली जाते आणि अनेकांना ती नवी वाटते. खरे तर साबण आधीपासून वडीच्याच रूपात होता. प्लास्टिक त्याच्यापाशी फार उशिरा आले.

आपल्या बहुतेक घरांत भांड्यांना साबण लागतच नसे. चुलीतली राख, नारळाची शेंडी आणि तांब्या-पितळेला चिंच एवढ्यावर भागायचे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. हा क्षार तेलकटपणातल्या मेदाम्लांशी मिळून जागच्या जागी थोडा साबण तयार करतो. उरलेली राख तेल शोषते आणि खरवडायला उपयोगी पडते. चिंचेतले आम्ल तांब्यावरचा काळपटपणा काढते. या रीतीला मागासलेली म्हणणे मला पटत नाही. त्यात रसायनशास्त्र पुरते भरलेले आहे.

इंग्लंडमध्ये वाणी लांब लादीतून साबण कापून वजनावर विकत. विल्यम लिव्हर यांनी १८८४ साली ‘सनलाइट’ या नावाने कापलेल्या, कागदात गुंडाळलेल्या वड्या विकायला सुरुवात केली. १८८८ साली त्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. घरकामाला एकच वडी, आणि वेष्टण कागदाचे. १९१८ साली मुंबईच्या गोदरेजने ‘चावी’ हा प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलांपासून केलेला धुण्याचा साबण काढला. चरबीचा साबण ज्यांना घरात चालत नसे, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

पण खऱ्या साबणाची एक अडचण आहे. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याचा पांढरट साका होतो आणि स्टीलवर, काचेवर धुरकट थर बसतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांना तो लगेच ओळखू येईल. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला आणि कृत्रिम डिटर्जंटचा शोध जोरात सुरू झाला. पुढे ती पेट्रोलियमपासून बनू लागली. जड पाण्यात त्यांचा साका होत नाही. भारतात ‘सर्फ’ १९५९ साली आला.

घरोघरी गॅस आला तशी राख गेली. तिची जागा घासायच्या पावडरीने घेतली. ‘विम’ ही इंग्लंडमध्ये १९०४ पासून विकली जाणारी पावडरच होती. पावडर सांडते, ओली झाली की वाहून जाते. १९९३ साली भारतात विमची वडी आली, आणि वडीची सवय घरोघरी रुजली. या वडीत डिटर्जंट, धुण्याचा सोडा आणि बरीचशी खनिज भुकटी असते. ती ओलावा धरते, मऊ पडते. म्हणून ‘सनलाइट’ला पुरलेला कागद तिला पुरला नाही. प्लास्टिकचे वेष्टण आले, मग डबा आला, आणि लिक्विडबरोबर बाटली आली. बाटलीत मोठा वाटा पाण्याचाच असतो. आपल्या नळाला येणारे पाणी प्लास्टिकमध्ये भरून ट्रकने फिरवायचे, हे मला पटत नाही.

प्लास्टिकबंदीतून ही वेष्टणे सुटलेली आहेत. महाराष्ट्राच्या २०१८ च्या बंदीत कारखान्यात होणाऱ्या पॅकिंगला सवलत मिळाली. १ जुलै २०२२ पासूनच्या केंद्राच्या बंदीत मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांच्यावरची पातळ फिल्म आहे, साबणाची नाही.

कागदात टिकणारी वडी हवी तर आतला मालच बदलावा लागतो. आजच्या अशा अनेक वड्या खोबरेल तेलाच्या असतात: १०० ग्रॅम तेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा, म्हणजे जवळजवळ सगळ्या तेलाचा साबण होतो. अंगाच्या साबणात थोडे तेल मुद्दाम शिल्लक ठेवतात. भांड्यांच्या साबणात ते जवळजवळ ठेवतच नाहीत, नाहीतर ताटावर तेलाचा पापुद्रा राहतो. खोबरेलातल्या लॉरिक आम्लामुळे हा साबण कडक होतो आणि खाऱ्या पाण्यातही फेस देतो. खलाशी म्हणूनच तो वापरत. चार-सहा आठवडे वाळवला की कागद पुरतो. जड पाण्याचा त्रास मात्र त्यालाही आहे. काही जण त्यासाठी साबण करतानाच सायट्रिक आम्ल घालतात. त्यापासून बनणारे सोडियम सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते. ते नसेल, तर शेवटच्या विसळण्याच्या पाण्यात लिंबू पिळावे. आणि घासायला नायलॉनच्या घासणीऐवजी काथ्या घ्यावा. नाहीतर वडीच्या कागदाने वाचवलेले प्लास्टिक घासणीतून झिजून मोरीत जातेच.