शरणपूर आणि पूर्वेचा तारा

‘प्रकटदिन’ म्हटले की मराठी माणसाला शेगावचे गजानन महाराज आठवतात. पण ६ जानेवारीच्या एपिफनी या ख्रिस्ती सणालाही याहून नेमका शब्द सापडणार नाही. मूळ ग्रीक ‘एपिफानेया’चा अर्थच प्रकट होणे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्या या दिवशी यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा आठवतात आणि नदीच्या पाण्याला आशीर्वाद देतात. पश्चिमेत मात्र मान मिळाला तो बाळ येशूला भेटायला ताऱ्यामागून आलेल्या पाहुण्यांना.

परंपरा त्यांना ‘तीन राजे’ म्हणते; पण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ते राजे नाहीत, आणि तीन असल्याचेही लिहिलेले नाही. तिथे फक्त ‘मागी लोक’ आहेत. भेटी तीन (सोने, ऊद, गंधरस), म्हणून माणसेही तीन, हा नंतरचा हिशेब. मागी हे इराणकडचे धर्मपुरोहित. पारशांचा ‘मोबेद’ हा शब्दही त्याच मुळाचा. गुरू सिंहेत गेला की दर बारा वर्षांनी गोदाकाठी माणसांचा पूर पाहणाऱ्या नाशिकला, आकाश बघून प्रवासाला निघणाऱ्यांचे नवल वाटू नये.

गोष्टीतली खरी मेख यरुशलेमात आहे. ख्रिस्ताचा जन्म कुठे व्हायचा, हे तिथल्या शास्त्र्यांना तोंडपाठ होते. हेरोद राजाने विचारताच त्यांनी बेथलेहेम हे नाव सांगितले. पण जागचे कोणी हलल्याचे मत्तय लिहीत नाही. गेले ते परके.

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांच्या लिखाणात ‘प्रकाश’ नेमका उलटा वापरला गेला: उजेड आमच्याकडे, अंधार तुमच्याकडे. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ मध्ये सुरू झाले. १८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर वसवले; शरण आलेल्यांचे गाव. आज शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल की इथे आफ्रिकन मुलेही वाढली? अरबी गलबतांवरून गुलाम म्हणून नेली जाणारी ही मुले ब्रिटिश आरमाराने सोडवली होती. शरणपुरात ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. त्यांना सोडवणाऱ्या साम्राज्याचे हेतू निव्वळ परोपकाराचे नव्हते, हेही खरे.

यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांच्यासाठी दफनविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिकमध्ये शिकलेल्या तरुणाने. झाडाच्या खोडावर त्यांचे नाव आणि तारीख कोरणाराही तोच. सोबत्यांनी मृतदेह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. पुढे जहाजाने जेकब त्याच्याबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा राहिला.

मागी ‘दुसऱ्या वाटेने’ आपल्या देशी परतले, असे मत्तय सांगतो. शरणपूरच्या अनेकांचेही तसेच झाले. १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रेअरटाउन उभारले. तिथले आधारस्तंभ होते नाशिकहून परतलेले आफ्रिकन. कोणी शिक्षक, कोणी कारागीर, कोणी धर्मोपदेशक. फ्रेअरटाउन हे नाव मोंबासात अजून चालते, जसे इथे शरणपूरचे.