ख्रिस्ती व्याजबंदी

उसन्या दिलेल्या पैशावर मुद्दलापेक्षा जास्त काहीही घेणे पाप आहे, असा ख्रिस्ती चर्चचा नियम. चौथ्या शतकात तो मुख्यतः धर्मगुरूंसाठी होता. बाराव्या-तेराव्या शतकांत पश्चिम युरोपात तो सर्वांना लागू झाला, सोळाव्या शतकापासून सैल होत गेला आणि एकोणिसाव्या शतकात व्यवहारातून उठला. बोलोन्याचा धर्मकायदेपंडित ग्रातियन याच्या सुमारे ११४० च्या संग्रहात व्याजाची व्याख्या एका वाक्यात आहे : मुद्दलावर जे काही चढते ते व्याज. मग ते नाणे असो, धान्य असो की कापड. दर किती हा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडच्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मान्य करून त्याला मुद्दलाइतकी कमाल मर्यादा घातली. चर्चची हरकत पहिल्याच पैशाला होती.

ही बंदी श्रीमंतीवर किंवा नफ्यावर होती, असा समज अनेकदा आढळतो. तो चुकीचा आहे. शेताचा खंड, घरभाडे, व्यापारातला नफा, भागीदारीतला वाटा हे सारे वैध होते. धंदा तरो वा बुडो, ऋणकोने ठरलेली रक्कम मोजायची आणि धनकोने काहीही तोशीस न सोसता ती पदरात पाडून घ्यायची, याला आक्षेप होता. जोखीम कोणाच्या डोक्यावर आहे, एवढे प्रत्येक करारात तपासले तर बहुतेक निवाड्यांचा उलगडा होतो.

शास्त्राधार

बायबलच्या जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्रात ही मनाई तीन ठिकाणी येते. निर्गम (अध्याय २२) आणि लेवीय (अध्याय २५) या पुस्तकांत ती गरिबीत सापडलेल्या बांधवाच्या कर्जाविषयी आहे. अनुवाद या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात ती सर्व बांधवांना लागू होते, पण परक्याकडून व्याज घेण्यास मोकळीक आहे. नव्या करारात मुख्य आधार लूक ६:३५ चा : परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या. पोप तिसरा अर्बन (कारकीर्द ११८५–८७) याने याच वचनावरून, उधारीवर माल विकताना किंमत चढवून लावणे हेही व्याजच ठरवले. मत्तय २५ मधल्या दृष्टान्तात मात्र धनी चाकराला विचारतो की माझे पैसे सावकाराकडे का ठेवले नाहीस, व्याजासह मिळाले असते. मध्ययुगीन भाष्यकारांनी ते ईश्वरी देणग्यांचे रूपक मानले आणि व्यवहाराचा नियम त्यातून काढण्यास नकार दिला.

कैसरियाचा बिशप बासिल (मृत्यू ३७९) याच्या प्रवचनातले सावकाराचे चित्र आजही ओळखीचे वाटते. गरजवंत दारात येतो तेव्हा सावकार शपथेवर सांगतो की घरात दमडी नाही. तारण आणि व्याज यांचा शब्द निघताच त्याच्या चेहऱ्यावर हसू येते, दोन घराण्यांचा जुना स्नेह आठवतो आणि एका मित्राने वाढीसाठी ठेवलेली रक्कम सापडते. तिचा दर भारी आहे, पण तुमच्यासाठी थोडा कमी करू, असे तो म्हणतो.

नियम कसा कडक होत गेला

नायसियाच्या धर्मपरिषदेने (३२५) आपल्या सतराव्या नियमाने महिन्याला शेकडा एक, म्हणजे सालीना १२ टक्के दराने पैसे देणाऱ्या, किंवा दीडपट परत घेणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढण्याचे ठरवले. पोप पहिला लिओ याने ४४३ मध्ये सामान्य ख्रिस्तीजनांनाही दोष लावला. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७८९ च्या फर्मानात सर्वांनाच मनाई केली. तरी खरी धार आली ती शहरे आणि जत्रा वाढून पैशाची उलाढाल वाढल्यावर. तिसऱ्या लॅटरन परिषदेने (११७९) उघड व्याजखोराला प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफन नाकारले, त्याचे दानही स्वीकारू नये असे सांगितले. ल्योंच्या दुसऱ्या परिषदेने (१२७४) परक्या व्याजखोरांना घर भाड्याने देण्यास बंदी केली आणि व्याजाच्या परतफेडीची तजवीज नसेल तर उघड व्याजखोराचे मृत्युपत्र रद्दबातल ठरवले. फ्रान्समधल्या व्हिएन्नच्या परिषदेने (१३११–१२) धनकोंच्या वह्या तपासण्याचा अधिकार दिला आणि व्याज घेणे पाप नाही असे हट्टाने म्हणणाऱ्यास पाखंडी ठरवले.

दफन नाकारण्याची शिक्षा आज किरकोळ वाटेल, पण ज्या समाजात चर्चच्या आवारातली जागा ही आत्म्याच्या तारणाची आशा होती, तिथे तिच्याहून मोठी भीती नव्हती. पादुआत एन्रिको स्क्रोवेन्यी याने बांधलेल्या चॅपलमध्ये चित्रकार जोत्तोची भित्तिचित्रे आहेत (सुमारे १३०५). अंतिम न्यायाच्या चित्रात एन्रिको गुडघे टेकून चॅपलची प्रतिकृती अर्पण करताना दिसतो. त्याच्या वडिलांना, रेजिनाल्दो यांना, कवी दान्तेने आपल्या काव्यात नरकातल्या व्याजखोरांत बसवले आहे. नाव घेतलेले नाही; गळ्यातल्या पांढऱ्या थैलीवर निळी गाभण डुकरीण आहे, ते त्या घराण्याचे चिन्ह.

परतफेड

घेतलेले व्याज ही चोरीच मानली जाई. म्हणून पापनिवेदनात नुसता पश्चात्ताप पुरत नसे, पैसे परत द्यावे लागत. पद्धत अशी : धनकोने कोणाकडून किती घेतले याची यादी करायची, ते त्या व्यक्तीला परत करायचे, ती मेली असेल तर वारसांना द्यायचे. ऋणको सापडतच नसेल तर ती रक्कम ‘अनिश्चित’ ठरून बिशपच्या अनुमतीने गोरगरिबांत जाई. ओळखीच्या ऋणकोला टाळून त्या पैशाचा दानधर्म केला तर कर्तव्य संपत नसे, कारण दुसऱ्याच्या पैशाचे दान होऊ शकत नाही. वारसांवरही हा बोजा चढत असे.

गाडी अडे ती हिशेबात. दस्तात व्याज लिहिलेलेच नसे. १०० नाणी हातात ठेवून नोटरीकडून १२० ची पावती करून घेणे ही सर्रास युक्ती होती, आणि अशा दस्तावरून मुद्दल किती हे सिद्ध होत नसे. त्यामुळे बरीच परतफेड मरणाच्या दारात, अंदाजाने, मृत्युपत्रातल्या एका कलमाने होई. ऋणकोच्या हाती त्यातले काय लागले असेल, ही शंका राहतेच.

अक्वायनसचा युक्तिवाद

धर्मपंडित थॉमस अक्वायनसने (मृत्यू १२७४) कारणमीमांसा अशी केली. घर वापरले तरी उरते, म्हणून घराची मालकी स्वतःकडे ठेवून वापराचे भाडे घेता येते. दारू किंवा गहू वापरला की संपतो; त्याचा वापर त्याच्यापासून वेगळा काढता येत नाही. पायलीभर गहू उसना दिला तर पायलीभर परत घ्यावा. शिवाय वापराचेही पैसे मागणे म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणे. पैसाही खर्चूनच वापरला जातो, म्हणून तो याच वर्गात. मात्र व्यापाऱ्याला किंवा कारागिराला भागीदारीत पैसा दिला तर मालकी आणि जोखीम देणाऱ्याकडेच राहते, म्हणून नफ्याचा वाटा घेणे योग्य. कर्ज दिल्यामुळे प्रत्यक्ष तोटा झाला तर त्याची भरपाई मागण्यास त्याची हरकत नव्हती. हातची कमाई गेली म्हणून भरपाई मागणे त्याला मान्य नव्हते. नंतरच्या पंडितांनी हे दुसरे कारणही हळूहळू स्वीकारले, आणि व्याजाला बाजूच्या दाराने प्रवेश मिळाला.

वैध-अवैध करार

भागीदारी : जिनोआचा नोटरी जोव्हान्नी स्क्रीबा याच्या ११५४–६४ च्या नोंदवहीत समुद्री भागीदारीचे कितीतरी करार आहेत. एका प्रकारात घरी राहणारा सगळे भांडवल घालतो, प्रवासाला जाणारा फक्त मेहनत. नफ्याचे तीन हिस्से भांडवलवाल्याला, एक प्रवाशाला. दुसऱ्यात प्रवासी एकतृतीयांश भांडवल घालतो आणि नफा निम्मा-निम्मा होतो. पहिल्या प्रकारात जहाज बुडाले तर भांडवलवाल्याचे भांडवल बुडते. त्याविषयी चर्चला काही म्हणायचे नव्हते. पण जहाजाची जोखीम घेतो म्हणून कर्जावर ठरीव अधिक रक्कम घेणे पोप नववा ग्रेगरी याने व्याज ठरवले. जोखमीसाठी दिलेले कर्ज आणि जोखमीतली भागीदारी यांतली ही रेषा बारीक होती. पंडित तिच्यावरून पुढची तीन शतके भांडले.

ताबेगहाण : जमीन धनकोच्या ताब्यात असेल तर तिचे उत्पन्न मुद्दलातून वजा व्हायला हवे. ते वजा न करता अखेरीस पूर्ण मुद्दल मागणे म्हणजे व्याज.

वर्षासन : एकरकमी पैसे देऊन एखाद्या जमिनीच्या उत्पन्नातला वार्षिक वाटा विकत घेणे. ही विक्री, कर्ज नव्हे, म्हणून पंधराव्या शतकात पोपांनी ती मान्य केली. अट अशी की ती खऱ्या, उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेवर असावी आणि विकणाऱ्याला हवे तेव्हा ती फेडता यावी. मालमत्ता नसताना नुसत्या नावावर वर्षासन विकले की ते पुन्हा व्याजच; पोप पाचव्या पायस याने १५६९ मध्ये या अटी आवळल्या त्या यासाठीच.

हुंडी : फ्लॉरेन्समध्ये पैसे द्यायचे, लंडनमध्ये दुसऱ्या चलनात घ्यायचे. दोन शहरांतल्या विनिमय दराच्या फरकात धनकोची कमाई दडलेली असे. दर खाली आला तर तोटाही होई, म्हणून हुंडी खपली. जिथे पैसा कुठे जातच नाही, नुसती कागदावर जा-ये होते, अशा ‘कोरड्या हुंडी’वर पाचव्या पायसने १५७१ मध्ये बंदी घातली.

तिहेरी करार : त्याच दोन माणसांत आधी भागीदारी, मग मुद्दलाचा विमा, मग अनिश्चित नफा ठरीव कमी नफ्याला विकणे. तिन्ही करार एकेकटे वैध, पण जोडले की निव्वळ ५ टक्के व्याज उरते. जर्मन धर्मपंडित योहान एक (Eck) याने १५१५ मध्ये बोलोन्यात जाहीर वादात याची बाजू मांडली. पाठीशी आउग्सबुर्गचे फुग्गर हे धनाढ्य पेढीवाले घराणे होते. पोप पाचव्या सिक्स्टस याने १५८६ मध्ये हमीचा नफा देणाऱ्या भागीदाऱ्या निषिद्ध ठरवल्या. करार चालूच राहिले.

धर्मार्थ गहाणपेढ्या

बंदीने गरिबाची गरज संपली नाही. ख्रिस्ती धनको मागे हटले तिथे ज्यूंना परवाना देऊन कर्ज देण्याचे काम सोपवले गेले, त्यांच्यावर जबर कर बसवले गेले आणि लोकांचा रागही त्यांच्याच वाट्याला आला. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२७५ मध्ये त्यांना व्याज घेण्यास मनाई केली, १२९० मध्ये देशाबाहेर घालवले. व्याजबंदीच्या इतिहासातला हा सर्वांत काळा भाग, आणि तो चर्चच्या प्रवचनांपासून वेगळा काढता येत नाही.

पेरुज्यात १४६२ मध्ये फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंच्या पुढाकाराने गहाणपेढी निघाली. निधी देणग्यांतून, कर्ज लहान, वस्तूच्या किमतीपेक्षा बरेच कमी, मुदत साधारण वर्षाची, सोडवून नेली नाही तर लिलाव, आणि कर्ज व खर्च वजा जाता उरलेले पैसे मालकाला. कारकून, जागा आणि वह्या यांच्या खर्चासाठी थोडी टक्केवारी घेतली जाई. डोमिनिकन या दुसऱ्या साधुसंघाच्या पंडितांनी हे व्याजच आहे असा आक्षेप घेतला. थोडेसुद्धा न घेणाऱ्या पेढ्या मात्र निधी आटून बंद पडत. पोप दहाव्या लिओने ४ मे १५१५ च्या फर्मानाने वाद मिटवला : खर्चापुरते घ्यावे, नफा नको. या पेढ्यांचा प्रचारक बेर्नार्दिनो दा फेल्त्रे याची प्रवचने ज्यूंविरुद्ध द्वेषाने भरलेली होती, हेही नोंदवले पाहिजे. सिएनाची १४७२ ची पेढी बँक म्हणून आजही चालू आहे.

सैलावणे

प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांपैकी लूथर व्याजाविरुद्ध कठोर राहिला. १५४० मध्ये त्याने पाळकांना त्याविरुद्ध प्रवचने देण्याचे आवाहन केले. कॅल्व्हिनने १५४५ च्या पत्रात वाट मोकळी केली, पण अटींसह : गरजवंताकडून घेऊ नये, ऋणकोने त्या पैशातून निदान तितके तरी कमवावे, समाजाचे नुकसान होऊ नये, कायद्याचा दर ओलांडू नये. पुढे दर तेवढा लोकांच्या लक्षात राहिला, पहिली अट विसरली गेली. इंग्लंडने १५४५ मध्ये १० टक्क्यांपर्यंत मोकळीक दिली, १५५२ मध्ये काढून घेतली, १५७१ मध्ये पुन्हा आणली.

पोप चौदावा बेनेडिक्ट याने १ नोव्हेंबर १७४५ च्या पत्रात जुनी शिकवण पुन्हा सांगितली आणि कर्जाबाहेरची कारणे वैध असू शकतात हेही मान्य केले. १८३० च्या सुमारास रोमने पापनिवेदन ऐकणाऱ्यांना कळवले की कायदेशीर दराने व्याज घेणाऱ्यांना त्रास देऊ नये. १९१७ च्या धर्मकायद्याने कायदेशीर व्याजाचा करार निर्दोष मानला.

सहकारी पतपेढ्या

गरिबाच्या कर्जाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुढे आला तो सहकारातून. फ्रीड्रिख व्हिल्हेल्म रायफायझेन या धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंट महापौराने १८६४ मध्ये ऱ्हाईनकाठच्या हेडेस्डोर्फ येथे पतसंस्था काढली. एका गावापुरते सभासद, विनावेतन कारभार, न वाटला जाणारा राखीव निधी आणि सभासदांची अमर्याद जबाबदारी ही या नमुन्याची सूत्रे. व्याज होते, पण कर्ज बुडाले तर झळ सगळ्या सभासदांना बसे. भारतातल्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यावर या नमुन्याची छाप आहे. छोटानागपूरच्या आदिवासींना सावकारांपासून सोडवण्यासाठी जेझुइट संघाचे धर्मगुरू योहान हॉफमन यांनी १९०९ मध्ये कॅथॉलिक पतसंस्था उभारली. वसईच्या ख्रिस्ती समाजाची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक १९१८ मध्ये पतसंस्था म्हणून सुरू झाली.