लॅपटॉपवरील मोबाइल डेटा जोडणी

मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून लॅपटॉपला इंटरनेट पुरवणारी जोडणी. फोनचा हॉटस्पॉट, यूएसबी केबलने टेदरिंग (फोनचे नेट लॅपटॉपला देणे), सिम घातलेले डोंगल (यूएसबीला लावायचे छोटे उपकरण) किंवा लॅपटॉपमध्येच बसवलेले मोडेम यांपैकी कशानेही ती करता येते.

हॉटस्पॉट वापरताना या जोडणीचे दोन वेगळे टप्पे असतात : लॅपटॉप ते फोन आणि फोन ते टॉवर. लॅपटॉपवर वायफायच्या पूर्ण रेघा दिसतात, त्या फक्त पहिल्या टप्प्याच्या. फोनला रेंज नसली तरी त्या तशाच राहतात. ‘कनेक्टेड दिसतंय, पण नेट चालत नाही’ या तक्रारीत बहुतेकदा हेच दोन टप्पे एक समजलेले असतात. म्हणून सेटिंग बदलण्याआधी फोनचे वायफाय बंद करून त्याच्या ब्राउझरमध्ये एखादे नवे पान उघडून पाहावे. तिथेही उघडले नाही तर लॅपटॉपशी झटापट करण्यात अर्थ नाही. रेंज, शिल्लक डेटा आणि एपीएन (फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारी सेटिंग) तपासावे.

रेंज डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या एककात मोजतात आणि आकडा ऋण असतो. फोर-जीमध्ये साधारण −८५ चांगला, तर −११० च्या खाली जोडणी रखडू लागते. फोन खिडकीशी नेला तरी फरक पडतो. रेंज भरपूर असूनही वेग नसेल, तर टॉवरवर गर्दी असू शकते, कारण त्याची क्षमता सगळ्यांत वाटली जाते.

फोनवर नेट चालते पण लॅपटॉपवर नाही, तेव्हा लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर फोनकडून पत्ता मिळालेलाच नाही. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा चालू करावा. पत्ता ठीक असून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग (उत्तर येते का हे पाहणारा चाचणी-संदेश) जाते, पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा. व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे जाणारी खासगी जोडणी) चालू असल्यास तेही बंद करून पाहावे. काही कंपन्या टेदरिंगसाठी वेगळा एपीएन किंवा वेगळा प्लॅन ठेवतात. मग फोनवर सगळे सुरळीत आणि लॅपटॉप कोरडा, असे होते.

एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क व तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. लॅपटॉपला अशी डिस्क जोडलेली असताना हॉटस्पॉट तुटक चालत असेल, तर ती काढून पाहावी किंवा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर न्यावा; त्याचा पल्ला मात्र कमी असतो. एका जागी बसून काम करायचे असेल, तर यूएसबी टेदरिंगच बरे : वायफायचा प्रश्न उरत नाही आणि फोनही चार्ज होतो. केबल मात्र डेटाची हवी. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात.

जुनी डोंगले लॅपटॉपला लावताच आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण त्यांचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) आतच साठवलेला असतो. तो चालल्यावर ती मोडेम बनतात. लिनक्सवर हे काम यूएसबी-मोडस्विच हे साधन करते.

हॉटस्पॉटला लॅपटॉप अनेकदा साधे वायफाय समजतो आणि अपडेट व क्लाउडच्या फायली मुक्तहस्ते उतरवतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड कनेक्शन’ आणि मॅकवर ‘लो डेटा मोड’ लावल्यास यातले बरेचसे थांबते.