सहा वाजताची संकेतधून

जानेवारीत पहाटे सहाच्या सुमारास पुण्यातील वेताळ टेकडीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसावे आणि मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) पट्ट्यावर काटा सावकाश फिरवावा, म्हणजे प्रसारण सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची संकेतधून एकाहून अधिक ठिकाणी ऐकू येते. धून सगळीकडे तीच असल्यामुळे केंद्र कोणते हे लगेच कळत नाही. निवेदन तेलुगूत होते, कन्नडमध्ये की गुजरातीत, याची वाट पाहावी लागते. नऊ वाजता पुन्हा काटा फिरवला, तर ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्र खणखणीत लागते, मुंबई लागते, आणि बाकी बहुतेक पट्ट्यावर नुसती खरखर असते.

दूरची केंद्रे तोवर बंद पडलेली नसतात. दिवसा आपल्यापर्यंत पोहोचते ती मुख्यतः जमिनीलगत सरकणारी लहर, आणि ती अंतराबरोबर क्षीण होत जाते. वर जाणारी लहर आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरांवर उतरू शकते. मात्र त्यासाठी तिला साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा ‘डी’ थर दोनदा, एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना, ओलांडावा लागतो. सूर्यप्रकाशामुळे या थरात इलेक्ट्रॉन सुटे होतात. लहरीने हलवलेले हे इलेक्ट्रॉन तिथल्या तुलनेने दाट हवेतील रेणूंवर आदळत राहतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. सूर्यास्तानंतर हा थर लवकरच विरतो, पण त्याच्या वरचे परावर्तन करणारे थर रात्रीही टिकून राहतात. बिनतारी संदेशवहनाचा प्रवर्तक मार्कोनी याला १९०२ साली अटलांटिक महासागरातील जहाजावर दिवसा सुमारे १,१०० किलोमीटरांपर्यंतच संदेश मिळाले आणि रात्री मात्र ३,००० किलोमीटरांहूनही दूर संकेत पोहोचले, त्याचे कारण हेच. फक्त तेव्हा ते कोणाला ठाऊक नव्हते.

पहाटेची खरी गंमत अशी की, आकाशात सूर्योदय वरून खाली येतो. ८० किलोमीटर उंचीवर सूर्य जमिनीपेक्षा सुमारे ३५ ते ४० मिनिटे आधी दिसतो. त्या वेळचे तिरपे किरण वातावरणाचा मोठा पट्टा ओलांडून येत असल्यामुळे दुबळे असतात, म्हणून शोषण एकदम सुरू न होता हळूहळू वाढत जाते. आवाज बुडतो, वर येतो, कधी घोगरा होतो, आणि मग एकदा बुडाला की परत येत नाही.

कोणते केंद्र आधी बुडेल, हे लहरीच्या दोन टोकांपैकी कुठे आधी उजाडते त्यावर ठरते. जानेवारीत कोलकात्याला सव्वासहाच्या थोडे पुढे उजाडते आणि पुण्यात सातनंतर. त्यामुळे इकडे काळोख असला तरी कोलकात्याचे टोक तोवर प्रकाशात गेलेले असते आणि ते केंद्र जेमतेमच हाती लागते. हैदराबादला कोलकात्यानंतर अर्ध्या तासाने उजाडते, त्यामुळे ते अधिक टिकते. राजकोटचे उलटे आहे. तिथे सूर्योदय साडेसातच्या आसपास होत असल्याने त्या लहरीला आपलेच टोक आधी दगा देते, आणि पुण्यात ऊन वर चढेपर्यंत ते केंद्र तग धरण्याची आशा असते. ज्याला पहाटेचे दूरश्रवण करायचे आहे, त्याने म्हणून पूर्वेकडून सुरुवात करावी आणि पश्चिम शेवटासाठी राखून ठेवावी.

यासाठी महागडा संच लागत नाही. साध्या ट्रान्झिस्टरमधील फेराइटची कांडी आपल्या लांबीच्या दिशेने येणारी लहर जवळजवळ पकडतच नाही. त्यामुळे संच आडवा फिरवून, कांडीचे टोक पुणे केंद्राच्या प्रक्षेपकाकडे केले, की शेजारच्या कंप्रतांवरील (फ्रीक्वेन्सींवरील) अशक्त केंद्रे बरीच मोकळी होतात. घरात बसून मात्र निराशाच पदरी येते, कारण एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर याच पट्ट्यात गोंगाट करतात. टेकडी सुचवली ती त्यासाठी, हवा खाण्यासाठी नव्हे.

अर्थात, गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींवरील कितीतरी प्रक्षेपक बंद झाल्यामुळे ऐकण्याजोगी केंद्रे कमी झाली आहेत. आणि उरलेल्यांसाठीही ऋतू पाहावा लागतो. आकाशवाणीची सकाळची सभा, म्हणजे सकाळचे प्रसारण, घड्याळाप्रमाणे सुरू होते, सूर्य मात्र घड्याळ पाळत नाही. जूनमध्ये पुण्यात सहाच्या आतच उजाडते आणि कोलकात्यात तर पाच वाजायच्याही आधी. तेव्हा त्याच टेकडीवर, त्याच वेळी संकेतधून ऐकू येते ती बहुधा जवळच्या केंद्रांवरच, पुणे आणि मुंबई.