नेतृत्वातील बांधिलकी

इतरांच्या कामाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने हाती घेतलेले उद्दिष्ट, दिलेला शब्द आणि सोबतची माणसे अडचणीच्या काळातही न सोडणे, याला नेतृत्वातील बांधिलकी म्हणतात. निष्ठा आणि वचनबद्धता हे शब्दही जवळचे आहेत. पण बांधिलकीत स्वतःहून पत्करलेल्या बंधनाचा भाव अधिक आहे.

माणूस एखाद्या मार्गावर का टिकतो, याचे एक उत्तर समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६० मध्ये दिले : त्या मार्गात ज्येष्ठता, निवृत्तिवेतन, नावलौकिक असे बरेच काही गुंतलेले असते आणि मार्ग सोडला तर ते गमवावे लागते. जॉन मेयर आणि नताली अ‍ॅलन यांनी १९९१ मध्ये संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन घटक मांडले. राहावेसे वाटणे, सोडणे न परवडणे आणि राहणे हे कर्तव्य वाटणे. एकाच माणसात हे तिन्ही कमीअधिक प्रमाणात असू शकतात. ही मांडणी मुख्यतः कर्मचाऱ्यांना धरून झाली असली, तरी ती प्रमुखालाही लागू पडते, किंबहुना तिथे ती जास्त बोचते. पद सोडणे परवडत नाही म्हणून टिकलेला प्रमुख आणि कामावर जीव आहे म्हणून टिकलेला प्रमुख हजेरीपटावर सारखेच दिसतात. हाताखालच्या माणसांना मात्र फरक कळतो.

तो कळतो वागण्यातून. सुरक्षितता सर्वांत आधी, असे सांगणारा व्यवस्थापक उत्पादन मागे पडले की यंत्रांची तपासणी पुढे ढकलतो का, हे सगळे पाहत असतात. बोलणे आणि करणे यांचा मेळ इतरांना किती दिसतो, या मुद्द्याला टोनी सायमन्स यांनी २००२ मध्ये ‘वर्तनातील सचोटी’ या अर्थाची संज्ञा वापरली. दर्जा व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकानेही २०१५ च्या आवृत्तीत स्वतंत्र व्यवस्थापन प्रतिनिधी, म्हणजे दर्जा व्यवस्थेची जबाबदारी सोपवलेला अधिकारी, नेमण्याची अट काढली आणि व्यवस्थेच्या परिणामकारकतेचे उत्तरदायित्व थेट सर्वोच्च व्यवस्थापनावर ठेवले. बांधिलकी दुसऱ्यावर सोपवता येत नाही, हे त्यातून नेमके मान्य झाले.

बांधिलकी आणि हट्ट यांत गल्लत होते, आणि ती महागात पडते. बॅरी स्टॉ यांच्या १९७६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका कंपनीच्या विभागांना निधी वाटायचा होता. पहिला निर्णय स्वतः घेतलेल्या आणि तो फसलेला पाहिलेल्यांनी त्याच विभागात सर्वाधिक पैसा ओतला. आपण चुकलो नाही हे स्वतःला पटवण्याची धडपड त्यामागे असते. म्हणून काम कोणत्या स्थितीत थांबवायचे हे सुरुवातीलाच लिहून ठेवणे आणि आढावा मूळ निर्णयात नसलेल्या व्यक्तीकडे देणे हिताचे. बांधिलकी उद्दिष्टाशी असावी. त्याकडे नेणारी एखादी योजना बदलली म्हणून ती मोडत नाही.

थकव्याकडेही दुर्लक्ष करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात कामाच्या न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणारी दमछाक ही व्यावसायिक घटना म्हणून नोंदली आहे, आजार म्हणून नव्हे. शक्ती आटणे, कामापासून मन दूर जाणे आणि कार्यक्षमता घटणे ही तिची लक्षणे. सगळे स्वतःच करू पाहणारे तळमळीचे प्रमुख तिच्या तावडीत सहज सापडतात. काम वाटून देणे आणि शब्द पाळता येणार नसेल, तर मुदत उलटण्याआधी कारणासह तसे सांगणे हाही बांधिलकीचाच भाग आहे.