मादागास्करची वर्षावने

मादागास्कर बेटाच्या पूर्वेकडील डोंगरउतारांवर शिल्लक राहिलेली सदाहरित जंगले. हिंदी महासागरावरून येणारे आग्नेय व्यापारी वारे या उतारांना अडतात आणि जवळजवळ वर्षभर पाऊस देतात. ईशान्येकडील मासोआला द्वीपकल्पात काही ठिकाणी तो वर्षाला ३,५०० मिमी.हून अधिक पडतो. आफ्रिकेपासून सुमारे १६ कोटी, तर भारतीय भूखंडापासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी तुटलेल्या या बेटावर जीवसृष्टी आपल्याच वाटेने घडत गेली. नरवानर गणातील लेमूर हे प्राणी मूळचे इथलेच. रानोमाफाना येथील बांबूच्या रानात सापडलेल्या सोनेरी बांबू-लेमूरची नोंद विज्ञानाने १९८७ मध्ये केली. सायनाइड असलेले बांबूचे कोंब हेच त्याचे मुख्य अन्न. १९९१ मध्ये त्या रानाचे राष्ट्रीय उद्यान झाले.

१९५३ ते २०१४ या काळात बेटावरील सर्व प्रकारच्या नैसर्गिक जंगलांपैकी सुमारे ४४ टक्के नाहीसे झाले. उरलेले किती, यापेक्षा ते कसे उरले हे अधिक चिंतेचे आहे: २०१४ मध्ये जवळपास निम्मे जंगल कडेपासून १०० मी.च्या आत होते. अशा कडेला ऊन-वारा आत शिरतो, ओल उडते आणि कुऱ्हाड घेऊन येणाऱ्याला फार चालावे लागत नाही.

जंगल घटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ‘ताव्ही’ ही फिरती शेती. पावसाळ्याआधी उतारावरची झाडी तोडून वाळवतात, पेटवून देतात आणि पहिल्या पावसाबरोबर टोकदार काठीने राखेत भोके पाडून भात टोबतात. एक-दोन पिकांनंतर जमीन पडीक सोडायची आणि रान वाढले की परत यायचे, अशी ही रीत. माणसे थोडी होती तेव्हा पडीक जमिनीला पुन्हा झाडी धरायला पुरेशी वर्षे मिळत. आता ती मुदत अनेक ठिकाणी चार-पाच वर्षांवर आली आहे. मग झाडांऐवजी नेचे आणि शेवटी गवत माजते, जमिनीचा कस जातो आणि शेतकरी नव्या जंगलाकडे वळतो. फ्रेंच वसाहती सरकारने ताव्हीवर बंदी घातली होती. ती टिकली नाही. भाताला दुसरी जमीन नसलेल्या कुटुंबाला निव्वळ बंदीने थांबवता येत नाही आणि त्याला जंगलाचा वैरी ठरवणे अन्यायाचेही आहे.

रोझवूड या मौल्यवान कठीण लाकडाच्या तस्करीची गोष्ट वेगळी. तिच्यामागे व्यापारी नफा आहे. मार्च २००९ मधील सत्तांतरानंतर प्रशासन ढिले पडले आणि मासोआला व मारोजेजी या राष्ट्रीय उद्यानांत लाकूडतोड्यांच्या टोळ्या घुसल्या. रोझवूडचे ओले खोड पाण्यात बुडते, म्हणून ते नदीतून वाहून नेण्यासाठी हलक्या लाकडाची आणखी झाडे पाडून त्यांचे तराफे बांधले गेले. एका ओंडक्यापायी भोवतालची झाडेही गेली, आणि छावण्यांच्या आसपास लेमूरची शिकार वाढली. बहुतेक माल चीनकडे महागड्या फर्निचरसाठी गेला. २०१३ मध्ये इथले रोझवूड व आबनूस वन्य जीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या, म्हणजे परवान्यानेच व्यापार करू देणाऱ्या, परिशिष्टात आले; तरी २०१४ मध्ये सिंगापुरात सुमारे ३,००० टन रोझवूड पकडले गेले.

खाणींचे क्षेत्र तुलनेने लहान, पण घाव खोल. २०१६ मध्ये पूर्वेकडील बेमाइंटी भागात नीलम सापडल्याची बातमी पसरताच हजारो माणसे संरक्षित जंगलात उतरली.

झाडे उभी असली तरी जंगल आतून पोकळ होऊ शकते. मोठी फळे गिळून त्यांच्या बिया दूरवर टाकणारे लेमूर शिकारीने संपले, तर त्या झाडांची पुढची पिढी उगवणे अवघड होते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या २०२० च्या यादीनुसार लेमूरच्या १०७ जातींपैकी १०३ संकटात आहेत. आवाजाने रान दणाणून सोडणारा इंद्री हा त्यांतला सर्वांत मोठा. त्याला मारणे अनेक गावांत ‘फादी’, म्हणजे निषिद्ध, मानले जाते. स्थलांतर आणि उपासमारीपुढे हा निर्बंध सैल होत आहे.

पूर्वेकडील सहा राष्ट्रीय उद्याने मिळून ‘आत्सिनानानाची वर्षावने’ या नावाने २००७ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. तोड व शिकारीमुळे २०१० मध्ये ती धोक्यातील वारशांत गेली आणि २०२५ मध्ये त्या यादीतून बाहेर पडली. हा निर्णय उद्यानांपुरता आहे. त्यांना जोडणाऱ्या जंगलपट्ट्यांचा बराच भार गावांवर आहे. १९९६ च्या कायद्याने नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन करारावर गावसमूहांकडे देता येते, पण पैसा आणि जमिनीचे पक्के हक्क यांची सोबत नसेल तर राखणदारीचे काम तेवढे गावाच्या वाट्याला येते.