कृषी केंद्र, दालमिल, सेवा केंद्र: सायबर हल्ला झाल्यास तक्रार कुठे करायची आणि कोणती कागदपत्रं लागतात

मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमक्या त्याच गर्दीत मालकाच्या फोनवर ‘पीएम किसान यादी’ किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) येऊन पडते. ती इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या, की आपले एसएमएस समोरचा वाचतो आणि आपण कोणाला ओटीपी न सांगताही खातं रिकामं होऊ शकतं. पैसे गेल्यावर पहिले एक-दोन तासच खरे हाताशी असतात. आपल्याकडे तेच तास पासबुक शोधण्यात आणि जाणकार माणसाला फोन लावण्यात जातात. म्हणून खाली सांगितलेल्या कागदांची फाइल हंगाम सुरू होण्याआधीच लावून ठेवा, ही कळकळीची विनंती.

तक्रार कोण करू शकतं?

दुकान एकट्याचं असेल तर मालक स्वतः, भागीदारी असेल तर भागीदार. शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा बचत गट असेल तर ज्याला अधिकार दिला आहे ती व्यक्ती. त्यासाठी लेटरहेडवर सही-शिक्क्याचं अधिकारपत्र किंवा ठरावाची प्रत लागते. ठराव ऐन वेळी होत नाही, अध्यक्ष बाहेरगावी असतात. तो आत्ताच करून ठेवा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) नसेल म्हणून तक्रार अडत नाही. पण ते प्रमाणपत्र बँकेत कामी येतं, ते पुढे सांगतो.

पैसे गेले असतील तर

सर्वांत आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन. तुमची माहिती तिथून तुमच्या बँकेकडे आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे जाते; रक्कम तिथे अजून शिल्लक असेल तर रोखून धरली जाते. चोर ती पुढच्या खात्यांत भराभर वळवतात, म्हणून एवढी घाई. फोनवर बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि १२ अंकी व्यवहार क्रमांक म्हणजे यूटीआर विचारतात. हा क्रमांक यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात किंवा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मिळतो.

मोबाइलवर पोचक्रमांक येतो. तो घेऊन २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि त्यात विशेष चिन्हं चालत नाहीत. बरेच अर्ज याच ठिकाणी अडतात. ओळखपत्राचा फोटो ५ एमबीपर्यंत, पुराव्याची फाइल १० एमबीपर्यंत.

त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा अनधिकृत व्यवहारात, बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. ४ ते ७ कामकाजाचे दिवस लावले तर एमएसएमईच्या (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगाच्या) चालू किंवा कॅश क्रेडिट खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार. उद्यम प्रमाणपत्र इथे लागतं. ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तेव्हाही उशीर महागच पडतो. सहकारी बँकांसाठीही असेच नियम त्याच वर्षी आले, त्यामुळे खातं जिल्हा मध्यवर्ती बँकेत असलं तरी हक्क सोडू नका.

कॉम्प्युटरच्या फाइल्स लॉक झाल्या तर

हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडत नाही, कास्तकारांच्या उधारीची यादी उघडत नाही आणि पडद्यावर खंडणीची इंग्रजी सूचना: हा रॅन्समवेअर. इंटरनेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा, पेनड्राइव्ह लावू नका. पडद्याचा फोटो घ्या आणि वेळ लिहून ठेवा. तालुक्याचा दुरुस्तीवाला मदत म्हणूनच ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणेल, पण तक्रार नोंदेपर्यंत त्याला हात लावू देऊ नका. फॉरमॅटमध्ये पुरावा पुसला जातो. खंडणी भरूनही फाइल्स सुटतील याची हमी नसते.

पोर्टलवर अशी तक्रार आर्थिक फसवणुकीऐवजी इतर सायबर गुन्ह्यांच्या भागात भरायची. शिवाय सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं. व्यवसाय करणाऱ्या फर्म आणि प्रोप्रायटरही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या व्याख्येत येतात, म्हणून हे त्यांनाही लागू. सर्ट-इनचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९.

पोलीस ठाण्यात

सिरोंचा किंवा धारणीसारख्या दूरच्या तालुक्यातल्या माणसाला ‘जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात जा’ म्हटलं की त्याचा दिवस गेला. हे लक्षात ठेवा: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती जवळच्या ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र ३ दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, आणि गावाकडे ठाणेदार अनेकदा सहायक निरीक्षक असतात. जिल्ह्याकडे पाठवण्यामागे बरेचदा हेच कारण असतं. पण तपास दुसरीकडे गेला तरी नोंद तुमच्या ठाण्यात होऊ शकते. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या.

फाइलमध्ये काय ठेवायचं

मालकाचं आधार आणि पॅन, उद्यम प्रमाणपत्र, असल्यास जीएसटी नोंदणी, परवान्याची प्रत (कृषी केंद्राचा खत-बियाणे-कीटकनाशकांचा), अधिकारपत्र किंवा ठराव. प्रत्येक खात्याचा क्रमांक, शाखा, खातं गोठवण्यासाठी बँकेचा फोन क्रमांक आणि त्या खात्याला कोणता मोबाइल जोडला आहे ते. हा शेवटचा तपशील सगळ्यांत जास्त चुकतो: खातं वडिलांचं, नंबर मुलाचा, आणि मुलगा पुण्याला. कॉम्प्युटर आणि फोनची बिलं, फोनचा आयएमईआय (ओळख) क्रमांक. हे सगळं कागदावरच हवं, कारण हल्ला फोनवरच झाला तर फोनमधले फोटो काय कामाचे? पासवर्ड मात्र या फाइलमध्ये लिहू नका.

टॅलीचा बॅकअप आठवड्याला एका बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि डिस्क काढून घरी न्या. कॉम्प्युटरला लावूनच ठेवली तर तीही त्याच फटक्यात लॉक होते. बॅकअप घेतला म्हणजे झालं असं समजू नका. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतो का ते बघा.